श्वासमार्ग बंद, घड्याळ चालू : रेसिडेंट डॉक्टरांसाठीच्या व्हीआर सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

कोणते प्रसंग घ्यायचे ते ठरवायला आज बैठक झाली. विभागांकडून आलेली यादी लांबलचक होती: सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकायची नळी), लंबर पंक्चर, दुर्बिणीतून टाके, छातीत नळी, कार्डिअ‍ॅक अरेस्ट, अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी), प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, अवघड श्वासमार्ग. यातलं सगळंच हेडसेटमध्ये, म्हणजे डोक्यावर चढवायच्या आभासी दृश्याच्या (व्हीआर) चष्म्यात, दाखवता येतं. पण दाखवता येतं म्हणून ते तिथे शिकवावं, असं होत नाही.

चाळणी लावताना दोनच प्रश्न विचारले. ही वेळ रेसिडेंटवर क्वचित येते का? आणि आलीच, तर विचार करायला मोजकी मिनिटंच मिळतात का? सेंट्रल लाइन रोज कुठे ना कुठे टाकली जाते. ती वरिष्ठाच्या हाताखाली, खऱ्या रुग्णावर, सावकाश शिकता येते. पण भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळीही जात नाही आणि मास्कने ऑक्सिजनही देता येत नाही, असा प्रसंग अख्ख्या रेसिडेन्सीत एकदाही दिसला नाही तरी नवल नाही. आणि दिसलाच तर तो बहुधा रात्री, वरिष्ठ येऊन पोहोचायच्या आत.

तीन प्रसंग पक्के केले: अवघड श्वासमार्ग, वॉर्डातली अ‍ॅनाफिलॅक्सिस आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. सुरुवात पहिल्यापासून.

१५ जानेवारी

आठवडाभर जुने अभ्यास वाचले. या विषयावर बोलताना येल विद्यापीठातला २००२ चा प्रयोग हटकून पुढे केला जातो. सर्जरीच्या १६ रेसिडेंटचे दोन गट केले होते. एकाला नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला त्यासोबत व्हीआर सिम्युलेटरवर सराव. मग दोन्ही गटांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीतून पित्ताशय यकृतापासून सोडवलं. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती जळण्याची शक्यता पाचपट होती.

आकडे दमदार आहेत, पण उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्या रेसिडेंटना ‘इतके तास बसा’ असं सांगितलं नव्हतं. अनुभवी सर्जनची पातळी आधी मोजून ठेवली होती आणि ती गाठेपर्यंत सराव करून घेतला होता. आपल्याकडेही तासांची हजेरी नको, पातळी ठरवू.

आणखी एक भान ठेवायला हवं. तो सिम्युलेटर डोक्यावर चढवायचा नव्हताच. समोर स्क्रीन, हातात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसारख्या मुठी. त्याचा पुरावा हेडसेटच्या नावावर जमा करता येणार नाही. हेडसेटमधून काय साधतं ते हेडसेटवरच तपासायचं.

भूलशास्त्राची परंपरा आपल्या कामाला जास्त जवळची आहे. १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ‘सिम वन’ हा संगणकावर चालणारा पुतळा भूल शिकवण्यासाठीच बनवला होता. पुढे १९८० च्या दशकापासून स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड गाबांनी विमानचालकांच्या प्रशिक्षणातून धडे घेऊन संकट हाताळण्याचं प्रशिक्षण उभं केलं: मदत लवकर मागा, भूमिका वाटून द्या, एकाच गोष्टीत अडकून पडू नका. आम्हाला जे शिकवायचं आहे ते बरंचसं यातच येतं.

२४ जानेवारी

अवघड श्वासमार्गाची संहिता लिहायला घेतली. समोर ठेवली ती एलेन ब्रोमिली यांची घटना. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये सायनसच्या एका साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना भूल दिली गेली. मास्कने ऑक्सिजन देणं जमेना, नळीही जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, उपकरणं होती. एका सिस्टरने ट्रेकिऑस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा) संच आणून ठेवला, दुसरीने आयसीयूत खाट सांगितली. डॉक्टर मात्र नळी घालण्याचेच प्रयत्न करत राहिले. एलेन शुद्धीवर आल्या नाहीत. १३ दिवसांनी गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली स्वतः वैमानिक. दोष कोणाचा यापेक्षा हे घडलं कसं ते बाहेर यावं, असा आग्रह त्यांनी धरला, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

त्या डॉक्टरांना नळी घालता येत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. थांबायची वेळ झाली हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आमच्या सिनारिओने नेमकं तेवढंच शिकवावं अशी माझी धारणा आहे: थांबणं, ‘नळी जात नाही, ऑक्सिजनही जात नाही’ असं मोठ्याने जाहीर करणं, आणि पुढच्या पायरीला जाणं.

पायऱ्या ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे घेतल्या. लॅरिंगोस्कोपीचे, म्हणजे घशात उपकरण घालून स्वरयंत्र पाहत नळी घालण्याचे, जास्तीत जास्त तीन प्रयत्न, अधिक अनुभवी सहकाऱ्याचा एक. मग स्वरयंत्रावर बसणारं उपकरण. मग मास्कचा शेवटचा प्रयत्न. आणि तोही फसला तर गळ्यावर छेद.

२९ जानेवारी

प्रोग्रॅमरने सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, पहिला आराखडा दाखवला. श्वास थांबल्यापासून आकडा एकसारख्या वेगाने उतरत होता. दिसायला नीटनेटकं, पण शरीरात असं होत नाही. आधी ऑक्सिजन नीट भरून घेतलेल्या निरोगी माणसाचा आकडा कित्येक मिनिटं हलतसुद्धा नाही. नव्वदच्या खाली गेला की मात्र कडा तुटल्यासारखा कोसळतो. लठ्ठ रुग्ण, गरोदर बाई, तापाने फणफणलेलं मूल यांच्यात तो कडा फार लवकर येतो. शिवाय बोटावरचा प्रोब नेहमी मागून चालतो. पडद्यावर दिसतं ते थोडं आधीचं.

हा वक्र बरोबर येणं फार महत्त्वाचं आहे. रेसिडेंटला फसवतो तो त्याचा सपाट भाग. ‘अजून अठ्ठ्याण्णव आहे, अजून एकदा बघू’ हा विचार तिथेच जन्मतो. सरळ रेषेवर सराव केलेल्याला धोक्याची घंटा भलत्याच वेळी ऐकायची सवय लागेल. बसून वक्र दुरुस्त केला. सॅच्युरेशनबरोबर मॉनिटरच्या बीपचा सूर खाली उतरतो, तोही जसाच्या तसा घेतला. डोळे घशाकडे लागलेले असतात तेव्हा बातमी कानानेच पोहोचते.

३ फेब्रुवारी

तांत्रिक कामं. मान वळवल्यावर चित्र हलायला २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की डोळे एक सांगतात, आतला कान दुसरं, आणि मळमळ सुरू होते. खोलीतल्या अनावश्यक वस्तू काढून फ्रेम रेट (चित्रं बदलण्याचा वेग) स्थिर केला. आभासी चालणं पूर्ण बंद. रेसिडेंट रुग्णाच्या डोक्याशी उभा राहील, हव्या त्या वस्तू हाताच्या अंतरावर. दोन भिंगांतलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे लावायचं. अपस्माराचा इतिहास असेल त्यांना पडद्यावरची आवृत्ती. चेहऱ्याला लागणारा भाग दरवेळी पुसायचा, भिंगांना मात्र स्पिरिट लावायचं नाही, कोरडं मऊ कापडच.

१२ फेब्रुवारी

आभासी सिस्टरवर बराच खल झाला. आवाज ओळखून उत्तर देणारी यंत्रणा लावून पाहिली. घाईत माणूस अर्धं वाक्य बोलतो, दोन भाषा मिसळतो, मास्कमधून पुटपुटतो. यंत्रणा अडखळली की रेसिडेंट रुग्णाला सोडून यंत्राला समजावत बसतो. म्हणून ती काढून टाकली. आता ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) एक सिस्टर बाजूच्या टेबलावर माइक घेऊन बसतात आणि आभासी सिस्टरच्या तोंडून त्याच बोलतात. साधा उपाय, पण प्रसंगात जीव आला.

मग प्रश्न आला, सिस्टरने छेदाचा ट्रे आणल्याचं किती वेळा सांगायचं? प्रोग्रॅमरचं म्हणणं, कोणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगू दे. सिस्टर म्हणाल्या, “सर, खरं सांगू? खऱ्या ओटीत मी एकदाच सांगते. तुम्ही लोक वाकून बघत असता, कपाळाला आठ्या असतात. दुसऱ्यांदा सांगायचा धीर होत नाही.”

त्यावर कोणी काही बोललं नाही. शेवटी असं ठरलं: पहिल्या फेरीत एकदाच, नेहमीच्या आवाजात, “सर, गळ्याच्या छेदाचा ट्रे इथे ठेवलाय.” चर्चा झाल्यावर दुसरी फेरी; तीत सिस्टर नाव घेऊन, समोर पाहून, आकडा सांगून बोलतील. बोलायचं कसं हे सिस्टरनाही शिकायला मिळेल आणि ऐकायचं कसं हे रेसिडेंटना. एकट्या डॉक्टरला हेडसेट चढवून अर्धाच संघ तयार होतो.

२० फेब्रुवारी

पहिली चाचणी. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, हाताने कुशल, भूल विभागात जिच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे अशी. पहिला प्रयत्न फसला. तिने उशी बदलली, पुन्हा पाहिलं. लॅरिंगोस्कोपचं ब्लेड बदललं, पुन्हा पाहिलं. प्रत्येक पाऊल पुस्तकात सापडेल असं. मास्क लावून पाहिला, छाती हलेना. पुन्हा लॅरिंगोस्कोप उचलला. बीपचा सूर खाली खाली जात होता. सिस्टरने ट्रेबद्दल सांगितलं, तिने “हो, हो” म्हटलं आणि मान वर केली नाही.

आम्ही थांबवलं तेव्हा हेडसेटच्या कडेला घाम होता. किती वेळ गेला असेल, असं विचारलं. तिने सांगितलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी होता. रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ पाहून ती गप्प झाली, मग म्हणाली, “सिस्टर काही बोलल्या होत्या? मी हो म्हटलं? मला आठवतच नाहीये.”

पुतळ्यावर शिकवताना असा क्षण मला क्वचितच दिसला आहे. पुतळ्याभोवती वर्गातले मित्र, पंखा, दाराबाहेरची वर्दळ असते. आपण सराव करतोय हे मनाला ठाऊक असतं. हेडसेट भोवतालचं जग काढून घेतो, म्हणून खऱ्या ओटीत नजर जशी आक्रसते तशीच इथेही आक्रसते. आणि ती आक्रसलेली नजर नंतर तिची तिलाच दाखवता येते: ती कुठे पाहत होती, केव्हापासून मॉनिटरकडे पाहिलंच नाही, सगळं नोंदलेलं असतं.

२ मार्च

डीब्रीफिंगचे, म्हणजे प्रसंगानंतरच्या चर्चेचे, नियम लिहून भिंतीवर लावले. चर्चेला प्रसंगापेक्षा जास्त वेळ. रेकॉर्डिंग अख्खं दाखवायचं नाही, एकदोन तुकडेच. मार्कांसाठी वापरायचं नाही, चर्चा संपली की पुसून टाकायचं. विभागप्रमुख खोलीत नसतील. हे त्यांना सांगणं थोडं जड गेलं, पण त्यांनी लगेच मानलं.

फॅकल्टीची तयारी हेच यातलं अवघड काम. आपली पिढी राउंडवर झापून शिकवणाऱ्यांच्या हाताखाली वाढली. ‘तिसऱ्यांदा का घातलास लॅरिंगोस्कोप?’ या प्रश्नात आरोप आधीच ठरलेला असतो आणि रेसिडेंट बचावाला लागतो. त्याऐवजी आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, त्याने आपल्याला काळजी का वाटली ते सांगायचं, मग विचारायचं: “मास्कने छाती हलत नव्हती, तरी तू परत लॅरिंगोस्कोप घेतलास. त्यात ऑक्सिजनविना वेळ जातोय असं मला वाटलं. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं?”

याचं उत्तर खरं येतं. आज एकाने सांगितलं, “गळा कापायचा म्हणजे मी हरलो, असं वाटलं.” हे कोणत्याही गुणपत्रिकेत उमटलं नसतं. छेद म्हणजे हार ही समजूत काढायची असेल तर वरिष्ठांनीच ती तशी नाही हे तोंडाने बोललं पाहिजे. दोन वरिष्ठांनी आपापले अनुभव सांगायचं कबूल केलं आहे.

१४ मार्च

छेदाची पायरी हेडसेटमधून काढून टाकायचा निर्णय. कंट्रोलरचं बटण दाबलं की आभासी सुरी त्वचेत जाते आणि कंट्रोलर थरथरतो. त्वचेचा ताण नाही, गळ्यातला पडदा फुटताना हाताला होणारी जाणीव नाही, रक्ताने भरलेल्या जागेत बोटाने चाचपडणं नाही. अशा सरावातून ‘मला येतं’ ही भावना येते, हात येत नाही. न येण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं.

आता असं होतं: रेसिडेंटने निर्णय मोठ्याने जाहीर केला की पडदा काळा होतो. हेडसेट काढायचा, दोन पावलांवरच्या टेबलाशी जायचं, तिथे मॉडेलचा गळा आणि खरा ट्रे. घड्याळ थांबत नाही. स्वरयंत्र अंगठा आणि बोटांत धरून क्रायकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा पातळ पडदा) चाचपायचा, १० नंबरच्या ब्लेडने आडवा छेद, धार पायांच्या दिशेला वळवायची, ब्लेडलगत बूजी (नळीला वाट दाखवणारी बारीक, लवचीक काडी) सरकवायची, तिच्यावरून ६ नंबरची, कफ (फुगवता येणारा फुगा) असलेली नळी. पडदा हाताला लागतच नसेल तर आधी मधोमध उभा, ८ ते १० सेंटिमीटरचा छेद घेऊन बोटांनी वाट मोकळी करायची.

हेडसेट काढल्यावर उजेडात काही क्षण डोळे दिपतात. त्यासाठी खोलीतले दिवे मंद केले, टेबलावर एकच झोत.

२८ मार्च

अ‍ॅनाफिलॅक्सिसचा प्रसंग तयार. वॉर्डात अँटिबायोटिक सुरू केल्यावर काही मिनिटांत रुग्ण अस्वस्थ, रक्तदाब खाली. अंगावर चट्टे मुद्दाम उशिरा आणले आहेत, कारण सगळ्यांच्याच अंगावर ते लगेच उठत नाहीत आणि त्यांची वाट पाहण्यात वेळ जातो.

एका गोष्टीवर अडून बसलो. पहिल्या आवृत्तीत ‘अ‍ॅड्रेनॅलिन’ला बोट लावलं की भरलेली सिरिंज हातात यायची. चुका तर त्याच्या आधीच होतात: कोणती अँप्युल, किती मिली, शिरेतून की स्नायूत. आता अँप्युलवरचं लेबल वाचावं लागतं. एक मिलीत एक मिलिग्रॅम. प्रौढासाठी अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. कोणी आधी स्टेरॉइड आणि अँटिहिस्टॅमिनकडे वळलं तर प्रसंग त्याला अडवत नाही. रक्तदाब पडत राहतो.

१० एप्रिल

वेळापत्रक. नाइट ड्युटी उतरलेल्याला बोलवायचं नाही. मळमळही जास्त होते आणि डोक्यात काही शिरत नाही. सरावाच्या वेळी त्याचा फोन दुसऱ्याकडे, वॉर्ड दुसऱ्याकडे, हे विभागाने लेखी दिल्याशिवाय त्या विभागाची तुकडी घेणार नाही. यावर मी मागे हटणार नाही. दर दोन मिनिटांनी फोन वाजत असेल तर हा सगळा खटाटोप वाया.

एका दिवसात सगळं उरकायची मागणी आली होती. नाही म्हटलं. पुनरुज्जीवनासारखी (सीपीआर) कौशल्यं काही महिन्यांतच ढिली पडतात. थोडा वेळ, पण परत परत, असंच ठेवायचं.

२२ एप्रिल

मोजायचं काय? अभिप्राय पत्रकं उत्तम येतात. नवं यंत्र सगळ्यांना आवडतं. डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पातळ्यांत मांडलं: आवडलं का, शिकले का, कामात वागणूक बदलली का, आणि त्यातून परिणाम साधला का. आमची पत्रकं पहिल्याच पातळीवर थांबतात. म्हणून अहवालात ती मागे टाकली.

पुढे ठेवलं ते हे: मास्कने छाती हलत नाही हे कळल्यापासून परिस्थिती मोठ्याने जाहीर करेपर्यंतचा वेळ; मदत केव्हा मागितली; तीन प्रयत्नांची मर्यादा पाळली का; सिस्टरच्या वाक्याला उत्तर दिलं का. अनुभवी भूलतज्ज्ञांना त्याच प्रसंगातून नेऊन पातळी ठरवायचं काम सुरू आहे. रुग्णांच्या परिणामांबद्दल अहवालात एक शब्दही लिहिणार नाही; इतक्या विरळ घटनेचा निष्कर्ष एका रुग्णालयाच्या नोंदींवरून निघत नाही.

५ मे

फेब्रुवारीतली रेसिडेंट दुसऱ्या रुग्णाच्या प्रसंगाला आली. या वेळी रुग्ण लठ्ठ, म्हणजे कडा लवकर येणारा. दुसऱ्या प्रयत्नानंतर तिने लॅरिंगोस्कोप खाली ठेवला आणि सिस्टरना सांगितलं, “वेळ मोजा आणि दर मिनिटाला मला सांगा.” मास्क फसल्यावर तिने जाहीर केलं, हेडसेट काढला, टेबलाशी गेली. ब्लेड फिरवताना हात थरथरत होता, पण नळी जागेवर गेली. चर्चेत ती स्वतःच म्हणाली की सिस्टरनी मोजायला घेतल्यावर डोकं मोकळं झालं.

त्याच सत्रातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. माइकवरच्या सिस्टरनी सहज विचारलं, “आपल्या ट्रेमध्ये बूजी असते, पण खऱ्या ओटीत ती कुठे असते?” जाऊन पाहिलं. एका ओटीत ब्लेड ट्रेमध्ये, बूजी भिंतीवरच्या कपाटात आणि ६ नंबरची नळी भूलच्या ट्रॉलीच्या खालच्या खणात होती. सिम्युलेशनमध्ये सगळं हाताशी देऊन आम्ही जे शिकवत होतो, ते तिथे करायला निम्मा वेळ शोधण्यातच गेला असता.

विभागप्रमुखांशी बोलणं झालं. प्रत्येक ओटीत एकच पारदर्शक पाकीट: ब्लेड, बूजी, नळी, सिरिंज, भूलयंत्राच्या डाव्या बाजूला अडकवलेलं. आमच्या आभासी ओटीतही ते त्याच जागी दाखवायचं. पाकिटांची यादी सिस्टर करत आहेत, बूजीची मागणी स्टोअरला गेली. पाकिटं लागेपर्यंत पुढची तुकडी घेणार नाही. तोवर प्रसूती विभागाबरोबर रक्तस्रावाच्या प्रसंगाची संहिता. त्यात रक्तपेढीला फोन कोण करतं यापासून सुरुवात करायची आहे.